चढ दिसतो, उतार दिसत नाही

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्रानं नवा कोरा कॅम्पर ट्रेलर घेतला. चांगला एकतीस फुटी. फोटो दाखवून झाले, आतल्या फ्रीजचं कौतुक करून झालं, आणि मग त्यानं सहज विचारलं, "अरे, तू जाऊन आलायस ना डेन्व्हरहून डुरँगोला? मॅप साडेसहा तास दाखवतोय. ट्रेलर लावून सात लागतील का रे?"

मी म्हटलं, "किती तास लागतील ते सोड. कुठल्या रस्त्यानं जाणार?"

"म्हणजे? मॅप दाखवेल त्या."

त्याला जे सांगायला लागलो ते जेवणाच्या सुट्टीत काही संपलं नाही. म्हणून आज शनिवारची सकाळ, कॉफी, आणि हा लेख.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅम्पर ट्रेलर म्हणजे चाकांवरचं वन रूम किचन. पलंग, शेगडी, संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, सगळं आत. त्याला स्वतःचं इंजिन नसतं, पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायचं. आमचा अठ्ठावीस फुटी आहे. ट्रक धरून एकूण लांबी पन्नास फुटांच्या आसपास. सामानसुमान भरलं की ट्रेलर ७,५०० पौंडांचा होतो, आणि माणसांसकट ट्रक साडेसहा हजारांचा. म्हणजे सगळा मिळून सुमारे ६.४ टनांचा ऐवज आपण घाटातून खाली आणत असतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझं मत आधीच सांगून टाकतो. डोंगरात ट्रेलर ओढायचा असेल तर मॅपनं दिलेला रस्ता हे उत्तर नसतं, ती फक्त प्रश्नाची सुरुवात असते. आणि दुसरं, रस्ता एकट्या ड्रायव्हरनं ठरवायचा नसतो. हे दुसरं मला फार उशिरा कळलं, आणि कसं कळलं ते सांगायचं तर अण्णांबद्दल सांगायला हवं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. चिपळूण-कराड रस्त्यावर, म्हणजे कुंभार्ली घाटात, त्यांची बरीचशी नोकरी गेली. पावसाळ्यात, धुक्यात, पन्नास-साठ माणसं भरलेली गाडी घेऊन. काही वर्षांपूर्वी ते आणि आई पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत आले. आम्ही नुकताच ट्रेलर घेतला होता, त्यामुळे सासऱ्यांना 'दाखवायची' भारी हौस! बेत ठरला डुरँगोचा. तिथून सिल्व्हर्टनला जाणारी वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे आहे, १८८२ सालापासूनची. आणि पुढे मेसा व्हर्दे, कड्यांच्या कपारीत बांधलेली जुनी घरं. अण्णांना दोन्ही आवडणार याची खात्री होती.

मॅपनं सांगितलं, यू.एस. २८५ नं खाली जा, मग यू.एस. १६० धरा. रस्त्यात वुल्फ क्रीक पास. उंची १०,८५७ फूट. मी म्हटलं असेल. हा तोच घाट, ज्याच्यावर ब्रेक फेल झालेल्या ट्रकचं अमेरिकेत एक गाजलेलं गाणं निघालंय. हे मला नंतर कळलं. :-)

चढ आरामात चढला. टर्बो इंजिन आहे, विरळ हवेचा त्याला फारसा त्रास होत नाही. (साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्के कमी होते. म्हणजे अकरा हजार फुटांवर तिसरा हिस्सा गायब.) आणि खरं सांगतो, तिथंच घात झाला. चढ चढला म्हणजे घाट जिंकला, असं वाटलं. माथ्यावर फोटो काढले, चिवडा खाल्ला आणि निघालो.

पलीकडचा उतार आठेक मैलांचा, जवळजवळ सात टक्क्यांचा. ट्रकला 'टो-हॉल' नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की गाडी उतारावर आपणहून खालच्या गिअरमध्ये जाते आणि इंजिन वेग धरून ठेवतं. ते मी बंद केलं होतं. का? तर इंजिनाचा आवाज फार यायचा आणि मागे लेक झोपली होती! शिवाय ट्रेलरच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवणारा कंट्रोलर असतो, तो मी दुकानातून आणल्यापासून कधी बघितलाच नव्हता. ट्रेलर स्वतःचा वाटा नीट उचलत नव्हता, त्याचाही भार ट्रकच्या ब्रेकवर. आणि माझा पाय सतत पेडलवर. थोडासा दाबलेला. सतत.

तीनेक मैल गेले असतील. मागून अण्णांचा आवाज आला, अगदी हळू, "जरा वास येतोय का हो?"

मी म्हटलं, "बाहेरचा असेल अण्णा, पुढे ट्रक चाललाय ना."

अण्णा गप्प झाले. अजून अर्धा मैल. मग पेडल मऊ लागायला लागलं. आधी जिथं पाय थांबायचा त्याच्या खाली जायला लागला. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. आणि त्याच क्षणी मागून आवाज आला, आता हळू नाही. एस.टी.च्या कंडक्टरला ऐकू जाईल असा. "गिअर उतरवा! खाली घ्या गिअर! आणि ती जागा दिसतेय ना, तिथं आत घ्या!"

पुढे वळणाआधी दरी बघायला गाड्या थांबवतात अशी एक मोठी मोकळी जागा होती. इंजिन किंचाळलं, वेग कमी झाला, पाय जवळजवळ तळाला टेकवून मी कशीबशी गाडी आत घेतली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. बायको लेकीला घेऊन लांब जाऊन उभी राहिली. आई काही बोलल्या नाहीत, नुसत्या हात जोडून बसल्या होत्या. मी चाकावर पाणी ओतायला बाटली घेतली तर अण्णांनी मनगट धरलं. "पाणी नाही घालायचं. तडकेल. बसा शांत तासभर."

तासभर बसलो. तेव्हा बायकोनं विचारलं, "अण्णा, तुम्हाला आधी कळलं नव्हतं का?"

अण्णा म्हणाले, "माथ्यावरून निघालो तेव्हाच कळलं. इंजिनाचा आवाज येईना, म्हणजे गाडी ब्रेकवर चाललीय. पण गाडी त्यांची, रस्ता त्यांचा. जावयाला काय सांगायचं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही. आमच्या गाडीत पाच माणसं होती. त्यातल्या एकाला, ज्याची उभी हयात घाटात गेली त्याला, सगळं कळत होतं. आणि जावयाचा मान राखायचा म्हणून तो माणूस आधी गप्प बसला, मग नुसतं "वास येतोय का हो" एवढंच म्हणाला. आणि मी तेही उडवून लावलं. तापलेल्या ब्रेकच्या निम्मा दोष त्या अबोल्याचा होता, आणि तो अबोला माझ्यामुळे होता.

असो. आता थोडं गणित, कारण त्याशिवाय माझ्यातला इंजिनिअर शांत बसत नाही.

६.४ टन वजन, सहा टक्के उतार, ताशी पन्नास मैल वेग. दर सेकंदाला आपण साधारण १.३ मीटर खाली येतो. त्यातून जी ऊर्जा बाहेर पडते ती सुमारे ८४ किलोवॅट. घरातला गीझर दोन किलोवॅटचा धरा. म्हणजे बेचाळीस गीझर एकदम चालू! यातला काही भाग वाऱ्याच्या आणि टायरच्या घर्षणात जातो. उरलेला कुठंतरी जायलाच हवा. एक तर तो इंजिनात जाईल, म्हणजे खालच्या गिअरमध्ये, नाही तर ब्रेकमध्ये. ब्रेक म्हणजे चाकामागच्या लोखंडी चकत्या आणि ड्रम. त्यांनी एवढी उष्णता मिनिटभर सोसणं वेगळं आणि दहा मिनिटं सोसणं वेगळं. वेग निम्मा केला तर गीझरही निम्मे होतात. सगळी युक्ती एवढीच आहे.

अण्णा हेच एका वाक्यात सांगतात, आणि आपल्याकडे घाटातला प्रत्येक जुना ड्रायव्हर सांगतो. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्यांबद्दल अण्णा जे बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. इथली ट्रकवाल्यांची सरकारी पुस्तिकाही वेगळं काही सांगत नाही. माथ्यावरच गिअर खाली घ्या. ब्रेक लावायचा तर ठाम लावून वेग पाचेक मैलांनी कमी करा आणि पाय पूर्ण काढा. ब्रेकला श्वास घेऊ द्या. माझ्यासारखा पाय ठेवून बसू नका.

आता मॅपकडे येऊ. मॅप काय करतो? डायक्स्ट्रानं १९५९ साली छापलेली कल्पना आपण सगळे कॉलेजात शिकलो. प्रत्येक रस्त्याला एक किंमत द्या आणि कमीत कमी किमतीचा मार्ग काढा. अल्गोरिदम उत्तम आहे, पण किंमत कशाची धरायची ते कुणी ठरवलं? साध्या मॅपमध्ये किंमत म्हणजे वेळ, तोही चार माणसांच्या मोटारीचा. तुमच्या मागे साडेतीन टन लोंबतंय हे त्याला माहीतच नाही. त्याच्या लेखी सात टक्क्यांचा आठ मैल उतार आणि सपाट आठ मैल सारखेच. म्हणजे प्रोग्रॅम बरोबर, इनपुट चुकीचं. आणि आपण मात्र आउटपुट वेदवाक्य मानतो.

मग स्वतःची किंमत स्वतः कशी लावायची? मी आता काय करतो ते सांगतो.

पहिलं, वजन. अंदाजानं नाही, ट्रकच्या वजनकाट्यावर. दुकानदारानं मला सांगितलं होतं, "तुमचा ट्रक अकरा हजार पौंड ओढतो, काळजीच नको." ओढतो हो. पण ट्रकनं अंगावर किती घ्यायचं याचा आकडा वेगळा असतो आणि तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. माझा १,५६० पौंड. ट्रेलरच्या दांड्याचा भार साधारण ९५०, आम्ही पाच माणसं ७००, ट्रकमधलं सामान १५०. झाले १,८००! घाट तर दूरच, मी घरातून निघालो तेव्हाच २४० पौंडांनी चुकलो होतो. त्यात चाळीस गॅलनची पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली. म्हणजे ३३० पौंड पाणी अकरा हजार फुटांवर चढवून पलीकडे उतरवलं, जिथं नळाला पाणी होतंच. आता टाकी रिकामी ठेवून निघतो.

दुसरं, घाटाची उंची बघायची नाही, उतार बघायचा. किती टक्के, किती मैल, आणि मुख्य म्हणजे कुठल्या बाजूला. 'माउंटन डायरेक्टरी वेस्ट' नावाचं एक पुस्तक मिळतं, त्यात पश्चिमेकडच्या घाटांचे उतार बाजूवार दिलेत. फुकटात हवं असेल तर मॅपमध्ये सायकलचा पर्याय निवडा, चढउताराचा आलेख दिसतो. सायकलवाल्याला दम लागेल की नाही याची काळजी मॅपला आहे, आपल्या ब्रेकची नाही!

तिसरं, मनाई कुठं आहे ते आधी शोधा. कोलोरॅडोतल्या इंडिपेंडन्स पासवर पस्तीस फुटांपेक्षा लांब गाडीला बंदीच आहे. मोंटानातल्या ग्लेशिअर पार्कात 'गोइंग टू द सन' रस्त्याच्या मधल्या भागात मर्यादा एकवीस फुटांची. वायोमिंगमधल्या टीटन पासवर उतार दहा टक्क्यांचा आणि हिवाळ्यात ट्रेलरना बंदी. घाटाच्या तोंडाशी पाटी वाचून पन्नास फुटी गाडी मागे वळवणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा.

चौथं, वेळ. जुलै-ऑगस्टमध्ये इथं दुपारी डोंगरात गडगडाट आणि गारा ठरलेल्या. घाट दुपारच्या आत पार करायचा. म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम पायथ्याशी हवा. रस्ता मुक्कामावरून ठरवावा, मुक्काम रस्त्यावरून नव्हे.

पाचवं आणि माझं सगळ्यात आवडतं. घर सगळीकडे ओढत न्यायची गरज नसते! युरे ते सिल्व्हर्टन हा यू.एस. ५५० चा तुकडा बघायलाच हवा. ११,०१८ फुटांचा रेड माउंटन पास, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. पण ट्रेलर खाली रिजवेच्या कॅम्पग्राउंडवर सोडा आणि नुसता ट्रक घेऊन जा. तोच रस्ता, तीच दरी, पण तुम्हाला ती दिसेल तरी.

यावर लोक म्हणतात, "अरे, त्या रस्त्यानं मोठे मोठे ट्रक जातात, चाळीस फुटी ट्रेलर जातात. तूच घाबरट." जातात, कबूल. त्या ड्रायव्हरांनी तो रस्ता शंभरदा केलेला असतो. आपण वर्षातून चार वेळा ट्रेलर जोडतो. आणि रोजच्या धंद्यातल्या माणसाचंही चुकतं. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० वर ट्रकवाल्यांसाठी पाट्याच लावल्यात, फसू नका, उतार अजून संपलेला नाही, अशा अर्थाच्या. त्याच रस्त्यावर एप्रिल २०१९ मध्ये लाकडं भरलेला एक ट्रक ताबा सुटून थांबलेल्या गाड्यांवर आदळला आणि चार माणसं गेली. सुटलेल्या गाड्यांसाठी केलेला खडीचा रॅम्प वाटेत होता, तो मागे पडला होता. ड्रायव्हरला ११० वर्षांची शिक्षा झाली, मग २०२१ च्या डिसेंबरात गव्हर्नरांनी ती दहा वर्षांवर आणली. शिक्षेवर तेव्हा खूप वाद झाला. मला मात्र तो रॅम्प आठवत राहतो. कुठं थांबता येईल हे आधी ठरलेलं नसेल तर ऐन वेळी ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. म्हणून मी आता प्रत्येक उताराच्या थांबायच्या जागा आणि रॅम्प कागदावर लिहून नेतो. हो, कागदावर. घाटात सिग्नल नसतो.

दुसरा युक्तिवाद, "मोठा डिझेल ट्रक घे, प्रश्न मिटला." डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असतो, त्याचा खरंच खूप उपयोग होतो, नाही म्हणत नाही. पण लांबी तीच राहते, वळणं तीच राहतात. आणि माझा अनुभव असा की जास्त ताकद आली की माणूस जास्त सामान भरतो.

आता डुरँगोचं. कोलोरॅडोत पश्चिमेला जायचं तर घाट टळत नाही. आय-७० नं गेलात तरी आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांवर. पण कुठला घाट, किती वाजता आणि किती हलकं होऊन, हे आपल्या हातात असतं. त्याच ट्रिपला परतताना आम्ही वेगळ्या रस्त्यानं आलो. पगोसा स्प्रिंग्जहून दक्षिणेला न्यू मेक्सिकोत उतरलो. चामा, अबिक्यू, एस्पान्योला, मग यू.एस. २८५ नं वर अलामोसा, तिथून सौम्य असा ला व्हेटा पास आणि शेवटी आय-२५. सुमारे दोनशे मैल जास्त, एक मुक्काम जास्त. डिझाइन रिव्ह्यूमध्ये कुणी मांडला असता तर मीच हाणून पाडला असता असा रस्ता! वाटेत एकदाही पेडल मऊ लागलं नाही, आणि लाल मातीचे डोंगर बघून आई प्रथमच खिडकीकडे सरकून बसल्या.

दरवेळी एवढा वळसा घ्या असं मी म्हणत नाही. मी स्वतः नंतर वुल्फ क्रीक दोनदा उतरलोय, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचा आवाज ऐकत, मागच्या गाड्यांना पुढे जाऊ देत. पण त्या दिवशी नवा ट्रेलर, नवखा ड्रायव्हर, जास्त वजन आणि गाडीत म्हातारी माणसं होती. त्या दिवसापुरतं लांबचं उत्तरच बरोबर होतं, आणि ते निघायच्या आदल्या रात्री टेबलावर बसून काढायला हवं होतं.

आणि त्या टेबलावर सगळे हवेत. आमच्या घरी आता नियम आहे. गाडीतलं कुणीही, अगदी दहा वर्षांची लेकसुद्धा, "थांब" म्हणाली की पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं. का ते नंतर विचारायचं. ऑफिसात आपण असल्या नियमाला मोठमोठी नावं देतो, पोस्टरं लावतो. घरी मात्र जावई, सासरे, मान, अपमान हे सगळं मधे येतं. लेकीनं आजवर तीनदा थांबवलंय. दोनदा शू लागली म्हणून आणि एकदा ट्रेलरचं मागचं दार उघडं राहिलं होतं म्हणून.

मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे सात तास नाही लागणार तर."

म्हटलं, "दोन दिवस धर. आणि तुझे आई-बाबा येतायत ना बरोबर? त्यांना नकाशा दाखव निघण्याआधी."

अण्णा आता चिपळूणला असतात. प्रत्येक ट्रिपआधी मी त्यांना व्हॉट्सअॅपवर चढउताराचा आलेख पाठवतो. कोलोरॅडोचा भूगोल त्यांना ठाऊक नाही, इंग्रजी नावं वाचायचा कंटाळा. रेघ कुठं तीव्र खाली येते तेवढं बघतात आणि फोन करतात. परवाच्या ट्रिपच्या वेळी म्हणाले, "ही जी दुसरी रेघ आहे ना, तिथं माथ्यावर थांबा आधी. चहा घ्या. चाकाला हात लावून बघा. मग निघा."

आता जावयाला सांगायला त्यांना काही वाटत नाही.